मंडळीची पेटी

आमच्या देवळामागच्या कब्रस्तानात साराकाकूच्या उजव्या हाताला एक जागा मोकळी आहे. तिथं गवत उगवतं, शेळ्या चरतात, पण खड्डा कुणी काढत नाही. नवे पाळकसाहेब आले की विचारतात, ही जागा का सोडली? कुणीतरी सांगतं, खाली खडक आहे. खडकबिडक काही नाही. ती जागा शमुवेल आबांची आहे, आणि आबा तिथं नाहीत.

आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. दगडी भिंती, वर पत्रे, दाराशी सागवानी चौकटीत टांगलेली घंटा. पाळकसाहेब बीडला राहायचे. त्यांच्याकडं बरीच गावं, म्हणून आमच्या वाट्याला महिन्यातला एखादा रविवार. बाकीचा कारभार पंचांनी बघायचा. पंच म्हणजे मंडळीनं निवडलेली पाच माणसं. शमुवेल आबा त्यांचे पुढारी. कपडे शिवणारा दावीद सेक्रेटरी. पौलस गवंडी. आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार यशयाकाका. आणि मी. मला घेतलं ते एक बाई पाहिजे असा वरून हुकूम आला म्हणून. मी चौथी शिकलेली, नवरा गेलेली. आबा म्हणाले, "मार्थीला घ्या. ती रडत न्हाई आन् गप बसत न्हाई."

आबांनी उमेदीत विहिरी खोदल्या होत्या. सुरुंगाच्या आवाजानं डावा कान कायमचा गेला होता. पंचांच्या बैठकीत त्या कानाचा त्यांना फार उपयोग. ज्याचं ऐकायचं नाही त्याला ते डाव्या बाजूला बसवायचे आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत मान हलवत राहायचे. दावीदला हे बरीच वर्षं कळलं नाही. कळल्यावर तो उजवीकडं बसायला लागला, तेव्हा आबा उजवा खांदा भिंतीला लावून बसायला लागले.

उंच, वाळका माणूस. धोतर, बंडी, आणि करगोट्याला देवळाची किल्ली. किल्ली वीतभर लांब होती, चालताना मांडीवर आपटायची. माणूस समोर आला की आबा आधी त्याच्या तोंडाकडं बघत नसत. डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवायचे. नवख्याला वाटायचं, म्हातारा कपडे बघतोय. आम्हाला माहीत होतं, ते माप घेतायत.

कारण पेटी आबांच्या ताब्यात होती. आमच्या मंडळीत प्रत्येक मयताला वेगळी पेटी करायची ऐपत कधीच नव्हती. जुन्या मिशनरी साहेबांच्या काळात कुणीतरी एक सागवानी पेटी करून दिली, ती सगळ्यांना मिळून एक. मयत पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यात ठेवायचं, कड्यांतून दोन बांबू घालायचे, चौघांनी खांद्यावर घ्यायचं. खड्ड्याशी आलं की मयताला नवारीच्या पट्ट्यांवर घेऊन खाली सोडायचं आणि पेटी परत आणायची. रिकामी पेटी देवळाच्या मागच्या खोलीत दोन दगडांवर ठेवलेली असायची. आमचे आईबाप, सासूसासरे, माझा नवरा, सगळे त्यातून गेले. कुणी घरचं म्हणून वेगळं काही करायला निघालं तर आबा म्हणायचे, "हितं समदे एकाच डब्यातनं जात्यात. लई शाना होऊ नको."

शुभ शुक्रवारच्या आधी आबा ती पेटी कडुनिंबाखाली आणून जवसाचं तेल चोळायचे. तेल मुरलं की धोतर सावरून स्वतः आत झोपायचे, हात छातीवर घ्यायचे, आणि तळाची फळी कुरकुरते का ते ऐकायचे. एकदा पोस्टाचा नवा माणूस पत्र घेऊन आला. पेटीतलं मयत उठून "कुणाचं हाय?" म्हणालं. तो माणूस सायकल तिथंच टाकून गेला.

पौलस गवंड्याचं पोट सुटायला लागलं तेव्हा आबा त्याला भर उपासनेनंतर म्हणाले, "पौल्या, खाणं कमी कर. कडंच्या फळ्या ढकलायला लागलास."

"मी कुठं मरतोय इतक्यात?"

"तू मर न्हाई तर नको मरू. पेटी फाटली न्हाई पायजे."

देवळाचा कारभार म्हणजे लोकांना वाटतं प्रार्थना. प्रार्थना पाळकसाहेबांची. आमच्याकडं गळका पत्रा, घंटेचा झिजलेला दोर, झाडायची पाळी, आणि पाळकसाहेब आले की कोंबडी कुणाच्या घरची कापायची हा तंटा. प्रभुभोजनाचा रस मी करायची, मनुके भिजवून, उकळून, गाळून. ज्यांचं भांडण चालू असेल त्यांना प्रभुभोजन बंद, असा आबांचा कायदा. दोघी जावा वर्षभर बोलत नव्हत्या. आबांनी त्यांना देवळाची झाडलोट एकत्र दिली. एकीकडं झाडणी, दुसरीकडं सुपली. सुपली धरायची म्हणजे झाडणारीच्या पुढं वाकायला लागतं. पहिल्या आठवड्यात धूळ तिच्या तोंडावर उडाली, दुसऱ्या आठवड्यात दोघी आबांना शिव्या देत एकत्र घरी गेल्या. आबा म्हणाले, "झालं. आता मिटलं."

त्यांचं एक बोलणं होतं. "पंचाची कामं दोनच. जित्याला शिव्या, मेल्याला खांदा. तिसरं काम सांगणारा लबाड."

ती वर्षं गावात नवं काही ना काही येण्याची होती. पानटपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, केबलचा टीव्ही आला, रस्त्याला फोनची पिवळी टपरी आली. दावीदनं बैठकीत काढलं, की देवळाच्या भिंतीला लागून आपणही फोनची टपरी बांधू. आबा म्हणाले, "आपली माणसं त्या भिंतीआड निजल्यात. त्येनला कुणाला फोन लावायचाय?" विषय संपला.

आता जे सांगायचं त्यासाठी एक गोष्ट आधी सांगावी लागते. आमचे आजेपणजे ख्रिस्ती झाले आणि सरकारच्या लेखी त्यांची जात गेली. गावाच्या लेखी गेली नाही. पाण्यावर गेलो तर जात तीच, हॉटेलात कप वेगळा होता तेव्हाही तीच. फक्त नोकरीची सवलत तेवढी गेली. म्हणून बहुतेक घरांत दोन नावं ठेवायची पद्धत पडली. देवळात शमुवेल, शाळेत शामराव. देवळात मार्था, शाळेत मालन. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. हे बरं की वाईट हे मला विचारू नका. पोट कुणाला चुकलं नाही.

यशयाकाकाचा मुलगा अशोक असाच कागदावर हिंदू राहून सरकारी कचेरीत शिपाई लागला होता. त्याच जागेवर डोळा असलेल्या कुणीतरी अर्ज केला आणि त्याच्या जातीच्या दाखल्याची चौकशी लागली. असले चौकशीवाले गावात येतात आणि कोतवालाला, चहावाल्याला विचारतात, ह्यांच्यात लग्न कसं लागतं, देव कुठला, मयत कसं करतात. आमच्या जुन्या जातीत काही घरं पुरतात, काही जाळतात. पण पेटी आणि घंटा कुणी करत नाही.

चौकशी चालू असतानाच यशयाकाका गेले. सकाळीच अशोक आबांच्या अंगणात आला. मी तिथंच होते, मयताचं कापड घेऊन जायला. आबा बाजेवर बसले होते. अशोक त्यांच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला. आबांनी जागा बदलली नाही.

"आबा, पेटी नको. घंटा तर आजाबात नको. मी त्येनला वढ्याच्या कडंला नेऊन टाकतो."

"टाकतो?"

"नेतो म्हणलो."

"टाकतो म्हणलास."

अशोक खाली बघत होता. म्हणाला, "माजी नोकरी जाईल, आबा. पोरं ल्हान हायेत. बाप तर गेला, त्येला आता काय कळणाराय?"

आबा म्हणाले, "तुज्या बापानं माजा हात धरून सांगितलंय. शाम्या, माजी घंटा चुकवू नको. मी हो म्हणलोय."

"त्येनला चौकशीचं कळत नव्हतं."

"कळत होतं. तरीबी म्हणाला."

"मग तुमी शब्द फिरवा की. मी पाया पडतो."

"जित्याला दिलेला शब्द त्येच्याकडनं सोडवून घेता येतो. मेल्याकडनं कसा सोडवू?"

अशोक खरंच पाया पडला. आबांनी पाय मागं घेतले नाहीत आणि त्याला उठवलंही नाही. मी कापड घेऊन निघाले.

दुपारी आबांनी घंटा वाजवली. पंचांतला माणूस गेला की जितका वेळ वाजवतात, तितका सगळा वेळ. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. पेटीला आबा, पौलस, दावीद आणि यशयाकाकाचा पुतण्या असे चौघे खांदेकरी. अशोक मागं चालला होता, तोंडावर उपरणं घेऊन.

चौकशीवाले आले. चहावाल्यानं सांगितलं, कोतवालानं सांगितलं. कुणी दावा साधला नाही. विचारलं ते सांगितलं. अशोकची नोकरी गेली. घरातली भांडी विकून झाल्यावर नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले. धाकटं पोरगं बरोबर नेलं, ते कारखान्याच्या अड्ड्यावर तापानं गेलं. त्याला तिथंच पुरलं, फडाच्या बांधाला. त्याला पेटी नव्हती आणि घंटाही नव्हती.

ही बातमी आली त्या रविवारी आबा देवळात नेहमीसारखे आले. दार उघडलं. घंटेपाशी गेले, दोर हातात घेतला, आणि मग पौलसला म्हणाले, "तू वाजव." त्यानंतर आबांनी घंटा कधी वाजवली नाही.

लोक मला विचारायचे, आबांनी अशोकची क्षमा मागितली का. नाही. ते शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हते. ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यात गावी परतल्या की आबा अशोकच्या दाराशी जाऊन ओट्यावर बसायचे. अशोक दार लावून घ्यायचा. आबा ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचे आणि किल्ली सावरत परत यायचे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. एकदा अशोकच्या बायकोनं खरकटं पाणी ओट्यावर फेकलं. आबा ओल्या धोतरानंच बसून राहिले. मी म्हटलं, "आबा, कावून जाताव? त्येला तुमचं तोंड बघायचं न्हाई."

"मला तरी कुठं माजं तोंड दाखवायचंय. बसायला जातो."

मग आबांच्याच घरात ती वेळ आली. त्यांना प्रकाश नावाचा एकच मुलगा, उतारवयात झालेला. आबांची बायको साराकाकू त्याच्या शिक्षणासाठी रोजानं कामाला जाऊन जाऊन झिजून वारली, आणि तिच्या शेजारची जागा आबांनी पंचांना सांगून स्वतःसाठी ठेवली. प्रकाश तलाठी लागला. त्याचाही दाखला पडताळणीला गेला, आणि त्याच सुमाराला आबांच्या पोटात गाठ निघाली. बीडच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. प्रकाश रजा घेऊन आला. तो बापाजवळ काही बोलला नाही. बाजेच्या पायथ्याशी बसून राहायचा, नखं कुरतडत. न बोलून त्यानं सगळंच सांगितलं होतं.

आबांनी पंचांना निंबाखाली बोलावलं. यशयाकाकाची जागा आम्ही भरली नव्हती, म्हणून चौघंच. आबांच्या गालाची हाडं वर आली होती. म्हणाले, "मला जाळा. वढ्याला. प्रकाश करील. पेटी न्हाई, घंटा न्हाई, तुमच्यातलं कुणी यायचं न्हाई."

दावीद गरीब माणूस, पण त्या दिवशी तो बोलला. "यशयाकाकाला लावलेला कायदा तुमाला न्हाई का, आबा?"

"न्हाई."

"कावून?"

"ह्यो माजा लेक हाय म्हणून. दुसरं कारण न्हाई. लिव्हून घे."

दावीदनं लिहिलं नाही. मी आबांकडं बघत होते. पुष्कळ माणसं मरताना चांगली होतात, मला त्याचं कौतुक नाही. आबा चांगले झाले नव्हते. ते फक्त खोटं बोलले नाहीत.

पौलसनं विचारलं, "आन् साराकाकूजवळची जागा?"

आबांनी मांडीवरची किल्ली हातात घेतली. मग म्हणाले, "त्येच सांगाय बोलावलंय. मेल्यावर मला पेटी मिळायची न्हाई. जिता हाय तवर एकदा न्या. तिच्यापस्तोर. आन् परत आणा."

पौलस आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं. "पाळकसाहेबाला कळवायचं का?"

"त्येला कशाला. त्यो प्रार्थना लांबवतो."

दोन दिवसांनी, दुपारी, रस्ता मोकळा असताना आम्ही जमलो. पौलसनं पेटी बाहेर काढली. आबांनी तेलाची बाटली मागितली आणि बसल्या बसल्या एका बाजूला हात फिरवला. दुसऱ्या बाजूला वळवेना, ती मी केली. खांदेकऱ्यांचा हिशेब मात्र जुळेना. पौलस, दावीद, आणि पुढं कोण? प्रकाशला आबांनी मुद्दाम तालुक्याला धाडलं होतं. त्याचं इथं दिसणं बरं नव्हतं. मी म्हटलं, "मी धरते एक कोपरा." बाईनं मयताला खांदा द्यायचा नाही, हा कायदा आबांनीच कितीदा सांगितला होता.

दावीद म्हणाला, "चालंल का, आबा?"

"कायदा मेल्याला हाय. मी अजून जिता हाय."

तरी चौथा खांदा नव्हता. तेवढ्यात फाटकातून अशोक आत आला. उन्हानं काळा पडलेला, हातांना फडाच्या चिरा. दावीदनंच त्याला सांगितलं असावं. तो आमच्याजवळ आला नाही. घंटेच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"खांदा द्यायला आलो न्हाई," तो म्हणाला. "म्हातारं पेटीत कसं दिसतं, बघायला आलो."

"ये, बघ," आबा म्हणाले आणि पेटीत शिरले. पौलसनं काखेत धरून टेकवलं. हात त्यांनी छातीवर घेतले. करगोट्याची किल्ली फळीवर खट् करून वाजली.

अशोकनं घंटेचा दोर हातात घेतला. "काम अर्धं कशाला करताव? घंटा वाजवतो की. रस्त्याला ऐकू जाईल, कोतवालाला ऐकू जाईल. परकाशच्या चौकशीवाल्याला सांगायला बरं."

प्रकाशची नोकरी त्या दोराला बांधलेली होती आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पौलस एक पाऊल पुढं गेला. आबांनी पेटीतून हात वर करून त्याला थांबवलं. मान वळवून उजवा कान अशोककडं केला आणि म्हणाले, "वाजव. तुज्या बापाला मी वाजवली. तुला अडवायला माज्याकडं तोंड न्हाई."

अशोक दोर धरून उभा राहिला. दोर ताणलेला होता, घंटेचा लोळा जागेवरून जरा सरकला होता. मला वाटलं, वाजवतो. वाजवली असती तरी मी त्याला बोल लावला नसता. मग त्यानं दोर गुंडाळला, वरच्या खिळ्याला अडकवला, आणि येऊन पुढचा बांबू धरला.

"उचला," तो म्हणाला. "मला कामं हायेत."

आबांचं वजन काहीच उरलं नव्हतं. तरी माझा खांदा सोलला, कारण बांबू खांद्यावर घ्यायला सवय लागते. वाटेत आबांची टकळी चालू होती. "पाय बराबर टाका बे. दाव्या, तुजा कोपरा खाली गेलाय. मार्थे, पायरी हाय पुढं." साराकाकूजवळ पेटी ठेवली, त्या मोकळ्या जागेवरच. आबांनी डोळे मिटले नाहीत. वर बघत पडून राहिले. बाभळीची सावली पेटीवरून सरकून त्यांच्या तोंडावर ऊन आलं, तरी त्यांनी तोंड फिरवलं नाही. अशोक पाठ करून बापाच्या कबरीकडं बघत उभा होता.

नंतरचं थोडकं आहे. आबा गेले तेव्हा आम्ही पंच आपापल्या घरात बसून राहिलो. ओढ्याकडचा धूर माझ्या दारातून दिसत होता. चौकशीवाल्यांनी बापाचं मयत कसं केलं तेवढंच विचारलं, चहावाल्यानं ओढ्याला जाळल्याचं सांगितलं, आणि प्रकाशचा दाखला मंजूर झाला. तो औरंगाबादेला राहायला गेला आणि पुन्हा गावाकडं आला नाही. अशोक आणखी काही वर्षं ऊस तोडत राहिला. आबांच्या घराकडं त्यानं कधी बघितलं नाही, आणि चौकशीवाले आले तेव्हा त्यांना तो काही बोललाही नाही. आता बीडहून तयार पेट्या येतात, ज्याची त्याला. मंडळीची पेटी मागच्या खोलीत आहे. तिला तेल कुणी लावत नाही.

पण मला आबा दिसतात ते त्या दुपारचे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बास." आम्ही पेटी उचलायला वाकलो, तर त्यांनी मान हलवली. परत पेटीतून जायचं नव्हतं. पेटीच्या कडा दोन्ही हातांनी धरून उठायला लागले. एक पाय बधीर झाला होता, तो उचलत नव्हता. अशोक हातभर अंतरावर होता. त्यानं हात दिला नाही आणि आबांनी मागितला नाही. कसेबसे बाहेर आले, त्या जागेवर दोन्ही पायांनी उभे राहिले, धोतराचं गवत झटकलं. करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. मग वाकून पेटीत हात घातला आणि आपण निजलो होतो ती फळी तळव्यानं पुसून घेतली, पुढच्या माणसासाठी पुसतात तशी.

"उन्हात ठिवू नका," म्हणाले. "फळ्या उकलत्यात."

आणि भिंतीला धरून धरून फाटकाकडं चालायला लागले.